लॅमिनेशन केलेली फारकत

ये गं, अशी जवळ बस. दारात उभं राहून बोललीस तर बाहेरच्या रिक्षा तुझं ऐकतील, मी नाही. आणि आधी मला सांग, हे काय वागणं? भावाच्या दुसऱ्या लग्नाचा फॉर्म अर्धाच भरलास, त्याचा तिरपा फोटो काढून फोनवर पाठवलास, आणि खाली विचारलंस, "मावशी, मुलाकडून कोर्टाचा कागद कशाला मागता? मुलाला कोण विचारतं?" तू कॉलेज शिकलेली, मी सातवी पास, तीही गावाकडची सातवी. तरी तुला जास्त रागवायचा हक्क मला नाही. अकरा वर्षं मीसुद्धा हेच म्हणत होते. तो रकाना माझ्या फॉर्मवर कसा आला ते आता ऐक. लिहूनही ठेवतेय, बाकीच्यांच्या कामाला येईल, म्हणून पहिल्यापासून सांगते.

इथं गुजराती मुलखात, लिंबायतला माझ्या पुढच्या खोलीत वधू-वर सूचक केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक लाकडी बाक, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि मी. त्याआधी मी घरी साड्यांचं धागा कटिंग करायची. साडीच्या मागून लोंबणारे धागे कापायचे, एवढंच काम. दहा बायका गोल करून बसायच्या, हातात कात्री आणि तोंड मोकळं. कुणाची पोर लग्नाची झाली, कुणाचा पोरगा कुठल्या लूमवर आहे, कुणाची सून माहेरी का राहिली, सगळं त्या गोलात कळायचं. त्यातून पाच-सहा लग्नं जुळली, आणि साड्या सुटून हेच काम लागलं.

दुसरेपणाच्या लग्नांसाठी मी दोन फॉर्म छापून घेतले होते. मुलींचा गुलाबी, मुलांचा पांढरा. गुलाबी फॉर्मवर रकाने असे: घटस्फोट का झाला, किती वर्षं नांदली, मूल असल्यास ते कुठे राहणार, कोर्टाच्या हुकुमाची झेरॉक्स जोडावी. पांढऱ्या फॉर्मवर नोकरी, स्वतःचं घर आणि अपेक्षा. अपेक्षांना अर्धं पान ठेवलं होतं. प्रेसवाल्यानं तेव्हा विचारलंही होतं, मावशी, मुलांचं मॅटर द्यायचं राहिलं का. मी म्हटलं, नाही भाऊ, मुलांचं एवढंच असतं.

त्या अर्ध्या पानावर लोकांनी काय काय लिहिलं म्हणून सांगू. पन्नाशीच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "अविवाहित असल्यास प्रथम पसंती." दुसऱ्यानं लिहिलं, "घटस्फोटित चालेल, पण तशी वाटायला नको." मी त्याला विचारलं की वाटायला नको म्हणजे तिनं नेमकं काय करायचं. तो म्हणाला, ते तुम्ही बघा, तुमचा अनुभव आहे.

आमच्या धंद्यात आणखी एक शब्द चालतो, 'नाममात्र घटस्फोटित'. लग्न झालं, पण दोघं फार दिवस एकत्र राहिले नाहीत, असा त्याचा अर्थ. कागदावर हा शब्द दोघांनाही लागतो. बोलताना फक्त मुलाला लागतो. पंधरा दिवसांत सासरहून परत आलेली मुलगी म्हणजे 'नांदली नाही', आणि जिच्याशी ती नांदली नाही तो मुलगा म्हणजे नाममात्र.

तर अशात कल्पना आली. रामदासभाऊंची मुलगी, बत्तीस वर्षांची. मार्केटमध्ये साड्यांच्या पॅकिंगवर सुपरवायझर, हाताखाली चौदा बायका. पहिला नवरा हात उचलायचा. हिनं नंदुरबारच्या कोर्टात चार वर्षं तारखा केल्या आणि घटस्फोटाचा हुकूम घेऊन आली. पदरात सहा वर्षांची चिनू. गुलाबी फॉर्म तिनं माझ्यासमोर बसून भरला, एकदाही पेन न उचलता. 'मूल असल्यास ते कुठे राहणार' या रकान्यात इतक्या दाबून अक्षरं काढली की मागच्या पानावर उमटली. "माझ्याजवळ."

मी म्हटलं, "पोरी, असं एकदम नको लिहू. 'नंतर ठरवू' असं लिही."

"मावशी, ठरलंय," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं.

त्या एका शब्दापायी पाच स्थळं परत गेली. दोघांना तर स्वतःचीच दोन-दोन मुलं होती. त्यांच्या मुलांना आईची माया हवी होती, आणि त्या मायेनं येताना स्वतःचं मूल आजीकडे ठेवून यायचं होतं. मी हे ऐकून घेत होते आणि फॉर्म फाईलला लावत होते. मला काही वाटत नव्हतं असं नाही. पण धंद्यात बसलं की माणसाला सवय होते.

सहावं स्थळ नवागामचं. मुलगा हेमंत, छत्तीस वर्षांचा, हजिऱ्याला एका कंपनीत क्रेन चालवतो. वडील नाहीत. आई निर्मलाबाई आणि चुलते आप्पा, असं घर. आप्पा समाजाच्या पंचांत बसतात, त्यामुळे घरातसुद्धा निकाल दिल्यासारखे बोलतात. हेमंत तसा सरळ माणूस. टनावारी लोखंड उचलून इंचभर जागेत बरोबर ठेवतो, पण आईसमोर एक वाक्य उचलून ठेवायचं म्हटलं की त्याला जमत नाही.

निर्मलाबाईंनी बाकावर बसतानाच सांगितलं, "आमना पोरगा नाममात्र शे. तुमले ते माहीतच शे, मावशी."

मी मान हलवली. आता ही आमच्या धंद्यातली खोड. आठवत नाही असं आम्ही कधी म्हणत नाही. कुणीही आलं आणि म्हणालं की मावशी, तुम्हाला आमचं माहीतच आहे, तर माहीत आहे. पार्टीला बरं वाटतं, विश्वास बसतो. मला हेमंतच्या पहिल्या लग्नातलं काहीएक आठवत नव्हतं. मी म्हटलं, हो तर, माहीत नसायला काय झालं. पांढरा फॉर्म भरला. अपेक्षांच्या अर्ध्या पानाला निर्मलाबाईंनी मागची बाजूही जोडली.

पाहणीला आम्ही रामदासभाऊंकडे गेलो. हेमंतला कल्पना आवडली हे त्यानं तिसऱ्यांदा पोहे घेतले तेव्हा कळलं. आईला अजून काही आवडायचं नव्हतं. आधी घटस्फोटाच्या हुकुमाची झेरॉक्स बघितली. मग म्हणाल्या, झेरॉक्स काय, कुणीही काढतं, सर्टिफाइड कॉपी पाहिजे. कल्पनानं कोर्टाच्या शिक्क्याची कॉपी आणून दिली. ती आप्पांनी चष्म्याशिवाय आणि मग चष्मा लावून वाचली. मराठीतलं कुणीतरी समजावून द्या म्हणाले, कारण कोर्टाचं मराठी त्यांना पटेना. तेही कल्पनानंच समजावून दिलं.

मग चौकशी. चौकशी म्हणजे ज्या घरातून मुलगी आली त्या घराला फोन करून विचारायचं की मुलगी कशी होती. निर्मलाबाईंनी थेट कल्पनाच्या पहिल्या सासूला फोन लावला. अर्धा तास बोलल्या. ज्या घरात तिला मार पडला त्या घराकडून तिच्या चालीचा दाखला घेतला. सासू म्हणाली, हात चवीचा आहे, घर टापटीप ठेवायची, पण उलट बोलते. हे ऐकून निर्मलाबाईंचं समाधान झालं. मला म्हणाल्या, बाई खरं बोलणारी दिसते.

त्यानंतर लग्न कसं करायचं यावर बैठक. हेमंतच्या पहिल्या लग्नात घाई झाली, घोड्याची हौस राहिली, म्हणून घोडा पाहिजे. बँड पाहिजे. पण मुलगी दुसरेपणाची, म्हणून तिला हळद नको, बायकांना बोलावणं नको, देवळात गुपचूप हार घालायचा. म्हणजे एकाच लग्नात नवरदेवाचं पहिलं आणि नवरीचं दुसरं. रामदासभाऊ एरवी बोलत नाहीत. त्या दिवशी त्यांनी एवढंच विचारलं, की घोडा देवळाच्या दारात थांबेल तेव्हा आम्ही गुपचूप कसं राहायचं. आप्पा म्हणाले, ते नंतर बघू.

चिनूचं मात्र अडून बसलं. निर्मलाबाईंचं म्हणणं, पोरगी आजीकडे बरी, सुट्टीला आणू. मध्ये एका रविवारी हेमंत मायलेकींना कोको प्यायला घेऊन गेला होता. चिनूनं सगळा ग्लास त्याच्या पांढऱ्या शर्टावर ओतला. त्यानं रुमालानं तिचे हात पुसले, स्वतःचा ग्लास तिच्यापुढं सरकवला आणि शर्ट तसाच घेऊन घरी गेला. हे कल्पनानं मला पॅकिंगचा रिपोर्ट द्यावा तसं सांगितलं, पण शर्टाचं दोनदा सांगितलं. मी समजायचं ते समजले.

हेमंतला मी बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "चिनू येईलच ना मावशी, ती कुठं जाईल?" मी म्हटलं, हे आईला सांग. तो माझ्या पंख्याकडे बघायला लागला. शेवटी मीच निर्मलाबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बघू. आमच्या धंद्यात 'बघू' म्हणजे नाही, फक्त ते लग्नानंतर सांगायचं असतं. आणि मी काय केलं, कल्पनाला सांगितलं की हो म्हणाल्या. सांगायला लाज वाटते, पण केलं ते केलं.

कल्पनानं एकच अट घातली. आधी लग्नाच्या रजिस्टरवर सही, मग हार. पहिल्या लग्नाची नोंदच नव्हती. लग्न झालं होतं हे दाखवायला बिचारी कोर्टात फोटोंचा अल्बम काखेत धरून फिरली होती. निर्मलाबाई हसल्या. म्हणाल्या, कागदाचं तुझं तू बघ बाई, आमचं काय, नाममात्र.

कोर्टाजवळ एका वकीलबाईंचं ऑफिस आहे, तिथं आम्ही सहा जण गेलो. कल्पना आणि रामदासभाऊ, हेमंत, निर्मलाबाई, आप्पा आणि मी. वकीलबाई गुजराती, पण इतकी वर्षं आपल्या लोकांची कामं करून मराठी समजतं त्यांना. कल्पनाची फाईल त्यांनी दोन मिनिटांत बाजूला ठेवली, सगळं बरोबर आहे म्हणाल्या. मग हेमंतकडे हात केला.

"तमारो?"

आप्पांनी पिशवीतून कागद काढला. बघितला आणि मला आधी कौतुकच वाटलं. स्टॅम्प पेपर, त्यावर दोन्ही बाजूंनी चकचकीत लॅमिनेशन. खाली सात जणांच्या सह्या, दोन अंगठे. ही फारकत. म्हणजे नवरा-बायको समाजाच्या पंचांसमोर लिहून देतात की आजपासून तू मोकळी, मी मोकळा, आणि पंच साक्षीला सह्या करतात. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

वकीलबाईंनी कागद उजेडात धरला, उलटा करून बघितला. म्हणाल्या, "मासी, प्लास्टिक अच्छा लगाया है. कोर्टाचा कुठं आहे?"

"हाऊच शे," आप्पा म्हणाले. हाच आहे.

"हा चालत नाही."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. कायद्यानं झालेलं लग्न कोर्टानं मोडलं तर मोडतं. समाजात फारकतीची रूढी आहे असं कुणाचं म्हणणं असेल, तर ती रूढी आहे हेसुद्धा कोर्टातच सिद्ध करावं लागतं. नुसता कागद दाखवला तर नोंदणीच्या खिडकीवरचा माणूस हात लावणार नाही. तोवर हेमंतची पहिली बायको सरला, जी आठ वर्षं शिरपूरला माहेरी आहे, ती त्याची बायको. हा नाममात्र घटस्फोटित नव्हता. ह्याचा घटस्फोटच नाममात्र होता.

आप्पा लालबुंद झाले. निर्मलाबाई माझ्याकडे वळल्या.

"मावशी, तुम्ही सांगा ना यांना. तुमचीच तर सही आहे."

मी म्हटलं, माझी कुठली सही? त्यांनी बोट ठेवलं. माझी सही मी पन्नाशीत बसवली, शेवटी लांब शेपूट आणि खाली दोन टिंबं. सहाव्या नंबरला, प्लास्टिकच्या आत, तेच शेपूट आणि तीच टिंबं.

तेव्हा मला आठवलं. आठ वर्षांपूर्वी समाजाच्या हॉलमध्ये बैठक होती, बायकांतर्फे कुणीतरी साक्षीला हवं म्हणून मला बोलावलं होतं. त्या दुपारी तीन फारकती होत्या. चहा येईपर्यंत दोन झाल्या, तिसरी चहाबरोबर झाली. कागद काही मी वाचले नाहीत. पंचांच्या रांगेत खुर्ची मिळाली आणि सही करायला मिळाली, याच आनंदात होते. एक मुलगी कोपऱ्यातून विचारत होती, याच्यानं माझं पुढचं काही अडणार नाही ना. मीच तिला म्हटलं होतं, काही अडत नाही बाळा, सह्या झाल्यात. ती सरला. निर्मलाबाई पहिल्या दिवसापासून "तुमले माहीतच शे" म्हणत होत्या, ते खरंच होतं. साक्षीदार बाईचं केंद्र आहे म्हणून तर त्या माझ्याकडे आल्या होत्या.

मग आप्पांनी पंचाचा आवाज काढला. नोंदणी राहू द्या, आपण देवळात हार घालून मोकळे होऊ, समाजानं मानलं म्हणजे झालं. निर्मलाबाईंनी लगेच री ओढली. चिनूलाही आणू म्हणाल्या, आजच्या आज. इतके दिवस न सुटलेली गाठ एका मिनिटात सुटली. रामदासभाऊंनी मुलीकडे बघितलं. मला कळत होतं, ती हो म्हणाली असती तर कुणी तिला नावं ठेवली नसती. सातवं स्थळ कुठून येणार होतं? आणि त्या शर्टाचं मला माहीत होतं.

कल्पनानं आपली फाईल उचलून मांडीवर घेतली.

"काकू, माझा कागद तुम्ही तीनदा तपासलात. मी वाईट वाटून घेतलं नाही, तपासायलाच पाहिजे. पण तुमच्या मुलाची बायको शिरपूरला आहे. मी तुमच्या घरात कोण म्हणून येऊ?" आणि मग हेमंतला, "कोर्टाचा कागद आणा. मग मला बघायला या. तोवर मी कुणाची वाट बघत नाही. तुम्हीही बघू नका."

घरी आल्यावर रिक्षातून उतरताना कल्पना म्हणाली, "चिनूचं ते हो म्हणाल्या होत्या ना, मावशी?" मी म्हटलं, नाही. बघू म्हणाल्या होत्या. तिनं मान हलवली आणि गेली. इतक्या वर्षांत मला कुणी एवढं लागेल असं बोललं नव्हतं, आणि तिनं तर नुसतं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शिरपूरची बस धरली. सरलाच्या दारात उभी राहिले. तिनं मला ओळखलं. पाणी दिलं आणि म्हणाली, मावशी, मला तीन स्थळं आली, तिन्ही वेळा कागदावर अडलं. पंचांना फोन केला की म्हणायचे, फारकत झालीये, आणखी काय पाहिजे. माझ्याकडेही आहे, लॅमिनेशन केलेली. मी माफी मागितली. ती म्हणाली, माफी राहू द्या, तारखेला या.

दोघांच्या संमतीनं अर्ज केला. कोर्ट अशा वेळी काही महिने थांबायला लावतं, दोघांनी पुन्हा एकदा विचार करावा म्हणून. इथं आठ वर्षं विचार झाला होता, पण तो पंचांच्या दप्तरात पडला होता. हेमंत प्रत्येक तारखेला सुट्टी टाकून जायचा, एकटाच. निर्मलाबाई सुरुवातीला म्हणायच्या, मावशीनं घर फोडलं. मग म्हणायला लागल्या, मावशीनं स्वतःचाच धंदा फोडला. ते मात्र खरं होतं. पंचांनी माझी खुर्ची काढून घेतली आणि चार पार्ट्यांनी फॉर्म परत नेले.

मधल्या काळात कल्पनानं एक काम केलं. सरलाला फोन लावला, चौकशीसाठी. निर्मलाबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या की असं कधी कुणी करतं का, मुलाच्या पहिल्या बायकोला मुलाबद्दल विचारतात का. मी म्हटलं, तुम्ही नाही का तिच्या सासूला विचारलं? सरला कल्पनाला म्हणाली होती, माणूस वाईट नाही, हात उचलत नाही, खोटं बोलत नाही. आईसमोर बोलतच नाही, तर खोटं कधी बोलणार? ते एक बघून घे.

हुकूम आल्यावर हेमंत थेट माझ्याकडे आला. मागोमाग निर्मलाबाई, न बोलावता. मी पांढरा फॉर्म काढायला गेले आणि हात थांबला. कपाटातून गुलाबी काढला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"हा मुलींचा आहे," निर्मलाबाई म्हणाल्या.

"माहीत आहे," मी म्हटलं. "मीच छापलाय."

बाकावर बसून, गुडघ्यावर फाईल धरून, त्यानं तो भरला. घटस्फोट का झाला, यात बराच वेळ गेला. मग लिहिलं, "मी बोललो नाही म्हणून." किती वर्षं नांदली, हे खोडून 'किती महिने नांदवलं' केलं. कोर्टाची कॉपी जोडली. मग पेन 'मूल असल्यास ते कुठे राहणार' वर येऊन थांबलं. आई खांद्यावरून वाचत होती. त्यानं एकदा पंख्याकडे बघितलं. मी हात लांब करून पंख्याचं बटण बंद केलं, म्हटलं, आता इकडे बघ.

त्यानं लिहिलं, "एक मुलगी, चिनू. आमच्याजवळ." आणि लिहिलेलं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

निर्मलाबाई बाकाच्या कडेला बसल्या. मग विचारलं, पोरीची शाळा कुठली आहे, आपल्याकडून रिक्षा लागेल का.

तो फॉर्म कल्पनानं वाचला, हो म्हणाली आणि लग्न झालं. आधी रजिस्टरवर सही, मग हार. हळद नवरीला लागली, घोडा कुणालाच आला नाही. चिनूनं बँडवाल्यांसमोर नाचून घेतलं. सरलाचंही पुढच्या वर्षी जमलं, माझ्याकडून नाही, पण पत्रिका आली.

मी दोन्ही फॉर्म मोडून एकच छापला, पिवळा. प्रेसवाला म्हणाला, मावशी, मुलांचं मॅटर वाढलं की. अपेक्षांना आता दोन ओळी आहेत, आणि सगळ्यात वर कोर्टाचा कागद. आणि आठवत नसलं तर मी तोंडावर सांगते, मला आठवत नाही, दाखवा. काम निम्मं झालंय, झोप पुरती लागते.

तर तुझ्या भावाचं असं आहे. फोटो पाठवू नकोस, मला तिरपं वाचता येत नाही. आता घरी जा आणि त्याला घेऊन ये, या आठवड्यातच ये. कागद असेल तर आण, नसेल तर तसाच आण, वकीलबाईंकडे आपण तिघं जाऊ. पंखा मी बंदच ठेवते. येताना दोन ग्लास कोको घेऊन ये, आणि लवकर ये गं, वाट बघते.